मायक्रो मान्य, मॅक्रो नाही: ही भिंत आली कुठून

उत्क्रांतीवर वाद निघाला की एक वाक्य हमखास येतं, "छोटे बदल होतात हो, ते आम्हीपण मानतो, पण एका प्राण्याचा दुसरा प्राणी होताना कुणी बघितलंय?" म्हणजे मायक्रो मान्य, मॅक्रो अमान्य. बऱ्याच जणांना वाटतं हे शब्द क्रिएशनिस्ट, म्हणजे सगळे जीव देवानेच थेट बनवले असं मानणाऱ्या, लोकांनीच काढले. तसं अजिबात नाहीये.

शब्द काढले युरी फिलिपचेंको या रशियन शास्त्रज्ञाने, १९२७ मध्ये, एका जर्मन पुस्तकात. त्याचा प्रश्न खरा होता: मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी एका प्रजातीच्या आतले फरक कळतात, पण मोठे मोठे गट कसे वेगळे झाले हेही त्यातूनच कळतं का? त्याला वाटायचं नाही, तिथे दुसरं काहीतरी असणार. पण उत्क्रांती झाली याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याच्याच हाताखाली लेनिनग्राडला काम केलेला थिओडोसियस डोब्झान्स्की त्याच वर्षी अमेरिकेला गेला, १९३७ मध्ये त्याने हे शब्द इंग्रजीत रुळवले आणि लिहिलं की सध्याच्या माहितीवर दोन्हींच्या यंत्रणेत बरोबरीचं चिन्ह टाकावं लागतं, नाइलाजाने का होईना. तो "नाइलाजाने" मला फार आवडतो. माहिती असेल तेवढंच बोलायचं. (आणि डोब्झान्स्की स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होता, हे कुणी सांगत नाही.)

दुसऱ्या बाजूला १९४१ मध्ये फ्रँक मार्श या ॲडव्हेंटिस्ट (बायबल शब्दशः मानणारा एक ख्रिस्ती पंथ) जीवशास्त्रज्ञाने "बारामिन" हा शब्द तयार केला, हिब्रूत बारा म्हणजे निर्माण करणं, मिन म्हणजे जात. देवाने मूळ जाती केल्या, त्यांच्या आत कितीही बदल होऊ देत, पण कुंपण ओलांडायचं नाही. त्याचा डोब्झान्स्कीशी पत्रव्यवहारही झाला, दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले. पुढे हेच कुंपण थेट कायद्यात आलं. १९८१ च्या अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या कायद्यात शाळेत शिकवायच्या "क्रिएशन सायन्स"च्या व्याख्येतच लिहिलं होतं की बदल फक्त मूळ निर्मित जातींच्या ठरलेल्या मर्यादेतच होतात. जानेवारी १९८२ मध्ये न्यायाधीश ओव्हरटन यांनी तो कायदा रद्द केला, आणि नेमकं इथेच बोट ठेवलं की या "जाती"ची शास्त्रीय व्याख्याच कुठे नाही आणि मर्यादा का असावी याचं काही कारणही दिलेलं नाही.

आता कुंपण खरंच असतं तर कुठेतरी दिसायला हवं ना? कॅलिफोर्नियात एन्सॅटिना नावाचा सॅलमँडर आहे, पाल असावी तेवढा पण ओल्या कातडीचा. मधल्या मोठ्या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत त्याच्या वस्त्या पसरल्यात. रॉबर्ट स्टेबिन्सने १९४९ मध्ये हे सगळं मांडलं. शेजारच्या वस्त्या साधारणपणे एकमेकांत मिसळतात, पण दक्षिणेला दोन्ही टोकं भेटतात तिथे एक साधा तपकिरी, दुसरा काळ्यावर पिवळसर पट्ट्यांचा, आणि त्यांच्यात संकर क्वचितच होतो. भिंत कुठे घालणार सांगा, प्रत्येक पाऊल मायक्रोच आहे.

म्हणून ही भिंत मागे मागे सरकत गेली. आधी प्रजाती स्थिर म्हणायचे, मग वंश (जवळच्या प्रजातींचा गट), आता बरेचदा अख्खं कुळ (अशा वंशांचा आणखी मोठा गट). बायबलमध्ये जलप्रलयाच्या वेळी नोहा प्राण्यांना नौकेत घेऊन वाचवतो; २०१६ मध्ये अमेरिकेत केंटकीत क्रिएशनिस्टांनी उघडलेल्या त्या नौकेच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीत सांगतात की नोहाला साधारण १,४०० "जाती"च न्याव्या लागल्या, बाकी सगळे प्राणी त्यातून नंतर झाले. मांजराची एकच जोडी, तिच्यापासून सिंह, चित्ता, घरातली मनी, सगळं. त्यांच्या हिशोबाने जलप्रलय साधारण ४,३०० वर्षांपूर्वीचा आणि इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांत सिंह वेगळा, बिबट्या वेगळा, खुर्चीखाली बसलेली मांजर वेगळी दिसते, म्हणजे हे सगळं हजारएक वर्षांत उरकलं असं मानावं लागतं, इतका वेग तर कुठला उत्क्रांतीवालाही मागत नाही.