फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: आमच्याकडे जॉब पाठवण्याआधी एवढं वाचा

फिरतं टूल दाबून दोन प्लेट जोडण्याच्या या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम वितळत नाही, मऊ होऊन घुसळलं जातं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. इथे जोडापाशी साधारण ४०० ते ५०० अंश असतात. म्हणून फिलर वायर लागत नाही, अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉन वायूचं आवरणही लागत नाही, आणि टिग या वितळवून जोडणाऱ्या आर्क वेल्डिंगने जोडताना भेगाळणारे ७०७५, २०२४ सारखे मिश्रधातूंचे ग्रेडही जोडता येतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संस्थेत १९९१ साली ही पद्धत निघाली.

उदाहरणाला ६ मिमीची ६०६१-टी६ (उष्णतेने कडक केलेला मिश्रधातू) प्लेट घ्या. टूल एच१३ स्टीलचं: शोल्डर (प्लेटवर टेकणारा रुंद भाग) १८ मिमी व्यासाचा, त्याखाली ६ मिमी व्यासाची, ५.८ मिमी लांबीची आटे पाडलेली पिन. टूल हजार आरपीएमच्या आसपास फिरत, मागे दोन-अडीच अंश कलून, सांध्यात हळू उतरतं. धातू मऊ होईपर्यंत काही सेकंद जागीच फिरतं, मग मिनिटाला १०० ते १५० मिमी पुढे सरकतं. पिन धातू ओढून मागे नेते, शोल्डर वरून दाबून धरतो. दाब टनाच्या घरात जातो, त्यामुळे खाली जाड स्टीलची बॅकिंग प्लेट आणि दोन्ही बाजूंनी घट्ट क्लॅम्प हवेतच.

आता जाडी. ‘६ मिमी’ म्हणून घेतलेली प्लेट मायक्रोमीटरला ६.१५ भरली, तर पिनच्या टोकाखाली ०.३५ मिमी धातू उरतो आणि तळ न जुळता राहतो. वरून जोड झकास दिसतो, वाकवला की खालून उघडतो. ५.८५ भरली तर पिन बॅकिंग प्लेटला घासायला येते. म्हणून दोन्ही प्लेट एकाच लॉटमधल्या द्या. हे आम्ही आग्रहाने सांगतो.

सांध्यात फट नको. फिलर नसल्याने फट भरायला धातू येणार कुठून? ६ मिमीला अर्ध्या मिमीपर्यंत कसंबसं चालतं, त्यापुढे आत लांबट पोकळी, म्हणजे बोगदा, राहतो. फीड (पुढे सरकण्याचा वेग) जास्त आणि आरपीएम कमी ठेवले, म्हणजे जोड थंड पडला, तरी तसाच बोगदा होतो, बहुतेक वेळा अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला, म्हणजे टूलची फिरण्याची आणि सरकण्याची दिशा एकच असते तिथे. कडा शिअर मशीनने कापलेल्या असतील तर मिलिंग करूनच पाठवा. तेल आणि ऑक्साइडचा थर आम्ही जोडण्याआधी काढतो. तो राहिला तर धातू नुसता चिकटतो, जुळत नाही, आणि हा दोष एक्स-रेमध्ये सहसा सापडत नाही.

ड्रॉइंग करतानाच धरून चला: टी६ ची ताकद जोडापाशी उतरते. मूळ प्लेटची ताणशक्ती ३१० एमपीएच्या (मेगापास्कल) आसपास असते, जोड साधारण सव्वादोनशेला तुटतो. ५०८३-ओ या मऊ केलेल्या ग्रेडमध्ये ही घट जवळपास नसते. अ‍ॅनोडायझिंगनंतर (विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवल्यावर) जोडाचा पट्टा वेगळ्या छटेचा दिसू शकतो, तेव्हा दर्शनी भाग असेल तर आधी सांगा.

टूल बाहेर निघतं तिथे पिनचं भोक राहतंच. त्यासाठी सांध्याच्या दोन्ही टोकांना ३० मिमी जादा लांबी ठेवा, नंतर कापून टाकू. सोबत त्याच लॉटचे ३०० मिमी लांबीचे दोन तुकडे द्या. जॉब लावण्याआधी ते जोडून, पट्ट्या कापून, तळाची बाजू बाहेर ठेवून वाकवून बघतो.