लोहाच्या गोळ्या लागू का पडत नाहीत? जठरातील जिवाणू आणि रक्तक्षयाची पार्श्वभूमी

जठर बिघडले की अंगातले रक्त कमी होते, हा संशय जुनाच. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये एका जीवघेण्या रक्तक्षयाचे वर्णन केले. १८७० मध्ये सॅम्युअल फेनविक यांना अशा रुग्णांच्या जठराचे अस्तर झिजून पातळ झालेले आढळले. पुढे १९०९ मध्ये कोपनहेगनच्या क्नुड फाबर यांनी दाखवून दिले, की ज्यांच्या जठरात आम्ल तयार होत नाही, अशा काही रुग्णांना रक्तक्षयही असतो.

बोस्टनच्या विल्यम कॅसल यांचा प्रयोग आजही थक्क करतो. ते निरोगी माणसाला गोमांस खाऊ घालत, तासाभराने ते जठरातून परत काढून घेत आणि नळीवाटे अशा जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णाला देत. नुसत्या मांसाने सुधारणा होत नसे, पण निरोगी जठरातून आलेल्या मांसाने रुग्णाचे रक्त वाढू लागे. निरोगी जठरातून पाझरणारा एक घटक रक्तासाठी आवश्यक असतो, हे १९२९ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्या घटकाशिवाय बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही, हा उलगडा नंतरचा.

एवढे कळूनही मुळात जठराचे अस्तर खराब का होते, हा प्रश्न तसाच राहिला. इतक्या तीव्र आम्लात जिवाणू तग धरणार नाहीत, हा समज पक्का होता. तो मोडला ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून तपासणीसाठी काढलेल्या जठराच्या तुकड्यांत नागमोडी जिवाणू दिसत होते. बॅरी मार्शल यांच्यासह ते वाढवण्याचे प्रयत्न सुरू झाले, पण दोन दिवसांत काही उगवले नाही की जिवाणू वाढवण्याच्या काचेच्या बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस राहिल्या आणि जिवाणूंची वाढ दिसली. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. या शोधासाठी दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले.

पण सगळे लक्ष अल्सर आणि कर्करोगाकडे गेले. रक्तक्षय मागे पडला, आणि माझ्या मते ही मोठी उणीव होती, कारण या संसर्गामुळे रक्तक्षय झालेल्या रुग्णांपैकी अनेकांचे पोट दुखतच नाही. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या १५ वर्षांच्या एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला पोटाची तक्रार नव्हती. जिवाणूचा नायनाट झाल्यावर तिचा रक्तक्षय गेला. १९९९ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जुनाट रक्तक्षय असलेल्या ३० रुग्णांची लोहाची औषधे थांबवून फक्त या संसर्गावर उपचार केले. सहा महिन्यांत ७५ टक्के आणि वर्षभरात सुमारे ९२ टक्के रुग्ण रक्तक्षयातून बाहेर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी निकाल दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २००० मध्ये तुर्कस्तानातून बी-१२ बद्दलही अशीच माहिती आली: कमतरता असलेल्या १३८ जणांपैकी ७७ जणांना हा संसर्ग होता आणि उपचाराने जिवाणू गेल्यावर त्यांतल्या ३१ जणांचा रक्तक्षय सुधारला.

हे होते कसे? अन्नातले, विशेषतः वनस्पतिजन्य लोह शोषले जाण्यासाठी आम्ल आणि क जीवनसत्त्व लागते. संसर्ग जठरात पसरून जुना झाला की आम्ल घटते, जठररसातले क जीवनसत्त्वही कमी होते. शरीरात रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते, म्हणून थोडी तूटही साचत जाते. त्यात अल्सरमधून नकळत रक्त झिरपत असेल तर भर पडते. जिवाणू स्वतःही लोह वापरतो. शिवाय सूज असली की यकृतातून येणारे हेपसिडिन हे संप्रेरक वाढते आणि आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाट अडवते. कोणत्या रुग्णात यातले काय जास्त काम करते, हे वेगवेगळे असते.

तरी सगळे खापर या जिवाणूवर फोडणे चूक ठरेल. जगात कोट्यवधी लोकांच्या जठरात तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना रक्तक्षय होत नाही. अलास्कातल्या मुलांवरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संसर्गावरील उपचाराचा रक्तावर फायदा दिसला नाही. प्रौढांमध्ये मात्र नुसत्या लोहापेक्षा लोहासोबत संसर्गावरही उपचार केल्यास हिमोग्लोबिन जास्त वाढल्याचे अनेक चाचण्यांत आढळले. म्हणूनच युरोपीय तज्ज्ञांच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत, कारण न सापडलेला लोहाभावी रक्तक्षय असल्यास हा संसर्ग शोधून त्यावर उपचार करावा, अशी शिफारस आली. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये अशा रुग्णांची तपासणी सुचवली. पण आधी मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव, आतड्यातील गाठ, सीलिॲक रोग (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) ही कारणे पाहायलाच हवीत. प्रौढ पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी असेल, तर जिवाणू सापडला म्हणून आतड्याची दुर्बिणीने तपासणी टाळू नये.

तपासणी श्वासातून किंवा शौचाच्या नमुन्यातून होते. त्याआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. उपचार बहुधा १४ दिवसांचा असतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू वाढत चालल्याने, उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जिवाणू खरेच गेला का, याची खात्री करतात. लोहाच्या गोळ्या तोवर चालूच ठेवायच्या असतात, कारण हिमोग्लोबिन सुधारले तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात.