तानपुरा मध्येच का तुटतो?

आई पहाटे डेस्कटॉपवर तानपुरा लावून रियाजाला बसते. मध्यंतरी तो तानपुरा तुटायला लागला. सूर चालू असताना बारीकसा 'टक्', क्षणभर काहीच नाही, की पुन्हा सूर. स्पीकर बदलून पाहिले, तरी तेच. "साउंडची चिप गेली," असं दुकानदाराने सांगितलं. मला ते पटेना. चिप गेली तर बहुतेक वेळा आवाजच जातो. इथे तो परत येत होता.

मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटच्या पाटीच्या मागच्या कडेला, स्पीकर-माइकच्या हिरव्या-गुलाबी खोबणींपासून जवळच, नखाएवढी चौकोनी चिप असते. तिला कोडेक म्हणतात. इंटेलने 2004 मध्ये आणलेली 'एचडी ऑडिओ' ही पद्धत आजही असंख्य मदरबोर्डांवर आहे. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. कोडेक त्या आकड्यांची विजेची लहर करतो, आणि त्यासाठी त्याला सेकंदाला साधारण 48,000 आकडे ठरल्या लयीत लागतात. प्रोसेसरला मात्र इतर शंभर कामं असतात. म्हणून तो मेमरीतल्या एका छोट्या हौदात, म्हणजे बफरमध्ये, आकडे आधीच भरून ठेवतो. 10 मिलिसेकंद पुरेल इतका साठा म्हणजे फक्त 480 आकडे. तेवढ्यात नवे आकडे आले नाहीत की हौद कोरडा पडतो.

आता तो 'टक्'. लहर वरखाली होत असताना मध्येच कापली गेली, तर त्या कापलेल्या कडेत खालच्या-वरच्या सगळ्याच कंपनसंख्या थोड्याथोड्या मिसळलेल्या असतात. कानाला तो ठोकाच वाटतो. सलग आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फटही तयार कानाला कळते. गाण्याच्या गडबडीत ती झाकली जाते, तानपुऱ्यात लपायला जागाच नसते. आवाज तुटतोय का हे पाहायचं असेल तर तानपुरा लावा, याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

प्रोसेसरला अडवतं कोण? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरवरचा भार जेमतेम पाच टक्के दिसत होता, आणि इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड अशी उपकरणं प्रोसेसरला हाक मारतात, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम साध्या प्रोग्रॅमच्या आधी होतं. एखाद्या ड्रायव्हरने तिथे काही मिलिसेकंद जास्त घेतले, तर सरासरी भार वाढत नाही, पण हौद भरणारा प्रोग्रॅम ताटकळतो. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' हा प्रोग्रॅम चालू ठेवला की कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ घेतला ते दिसतं. आमच्याकडे यादीत सर्वात वर वाय-फायचा ड्रायव्हर होता. वाय-फाय बंद करून अर्धा तास तानपुरा वाजवला, एकदाही तुटला नाही. नवा ड्रायव्हर टाकला, वाय-फाय पुन्हा सुरू केलं, तरी सूर सलग राहिला.

शांततेनंतर गाण्याची पहिलीच अक्षरं गिळली जात असतील, तर प्रकार निराळा. वीज वाचवायला कोडेक झोपलेला असतो आणि जागा व्हायला त्याला क्षणभर लागतो. लिनक्सवर 'एसएनडी एचडीए इंटेल' या ड्रायव्हरची पॉवर-सेव्ह सेटिंग शून्य केली की ही झोप थांबते.

आमची एक तक्रार तरीही उरली होती. टेबलाला धक्का लागला की आवाज पुरता जायचा आणि दोन-चार सेकंदांनी परतायचा. बफर इतका वेळ रिकामा राहत नाही, म्हणून मी कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनच्या खोबणीकडे वळलो. पिन आत गेली की तिथलं बारीक स्विच मिटतं, कोडेकला हेडफोन आल्याचं कळतं आणि मागचे स्पीकर बंद होतात. आमच्या खोबणीतली पत्ती झिजून वाकली होती, धक्का बसला की आपोआप टेकायची. पुढून हेडफोन कोणी लावतच नाही. संगणक बंद करून, प्लग काढून, पुढच्या पॅनेलची ती वायर मदरबोर्डवरून उपसली. आता आई टेबलावर हाताने ताल धरते, तरी षड्ज हलत नाही.