निखाऱ्यांच्या धगीने स्टेकचा रस कोंडला जात नाही
मॉलमधील कोळशाच्या ग्रिलवर स्टेक, म्हणजे मांसाचा जाड काप, भाजून देणाऱ्या रेस्टॉरंटांत आजही विश्वासाने सांगितले जाते की, धगधगत्या निखाऱ्यांवर मांस झटकन शेकले की त्यावर कवच तयार होते आणि आतला रस कोंडला जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून रूढ झालेला हा समज चुकीचा आहे. ते कवच पाणी अडवत नाही; ग्रिलवर सतत ऐकू येणारा चुरचुर आवाज हा बाहेर पडणाऱ्या रसाची वाफ होत असल्याचाच पुरावा आहे. रस किती टिकेल, हे मुख्यतः मांसाच्या गाभ्याच्या तापमानावर ठरते: सुमारे ५५ अंश सेल्सिअसला स्टेक रसाळ राहतो, तर ७० अंशांपुढे स्नायूंचे तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात.

तीव्र आच मात्र चवीसाठी हवीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या, उष्णतेने अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात होणाऱ्या अभिक्रियेमुळे पृष्ठभाग तपकिरी आणि खमंग होतो, आणि ज्याला आपण कोळशाचा स्वाद म्हणतो तो बव्हंशी निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुराचा असतो. पण रस टिकणे गाभ्याच्या तापमानावरच ठरत असल्याने ‘वेल डन’, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेला, मागवलेला स्टेक कोरडा निघाल्यास कवच नीट धरले नाही, असा दोष आचाऱ्याला देणे अन्यायाचे आहे.