चार लाल नोंदी: फौजेतल्या तंत्रज्ञांवरच्या कारवाईची पार्श्वभूमी

बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातल्या बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ल्याला गेलेली हंटर विमानं तिथूनच उडाली. मराठा रेजिमेंटचं केंद्र तर १९२२ पासून बेळगावात आहे. हे सगळं या भागात पोराटोरांना पाठ आहे, म्हणून ते उगाळत बसत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, खानापूर आणि हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजमधली बरीच पोरं फौजेत पाना-पकड घेऊन नोकरी करतात. कुणी विमानाचा फिटर असतो, कुणी गाड्यांचा मेकॅनिक, कुणी रडारवर. त्यांच्या हातून काम चुकलं तर काय होतं, याची चर्चा गावात पेन्शनीत आलेली माणसं सोडली तर फारशी कुणी करत नाही.

१९११ चा लष्करी कायदा पायदळाचा शिपाई डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला होता. १९३२ मध्ये हवाई दल उभं राहिलं तेव्हा त्यात सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही होते. लष्करात दुरुस्तीचं वेगळं दल आलं ते १९४३ मध्ये. माणसं यंत्रांकडे वळली, पण शिस्तीची चौकट पहारा आणि परेडचीच राहिली.

१९५० मध्ये लष्कर आणि हवाई दल या दोघांचे नवे कायदे आले, ते आजही लागू आहेत. हवाई दलाच्या कायद्यातलं कलम ६२ विमानाच्या नुकसानीचं आहे. मुद्दाम केलं असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद, निष्काळजीपणा असेल तर पाच. कलम ६३ मध्ये सहीचा गुन्हा येतो: विमानासंबंधी दाखला खरा आहे याची खात्री न करता सही केली तर दोन वर्षांपर्यंत. इतर कुठेच न बसणाऱ्या 'शिस्तीला बाधक' वर्तनाच्या कलम ६५ ला मात्र सात वर्षं आहेत. निष्काळजीपणाने विमान घालवण्यापेक्षा या मोघम कलमाची कमाल शिक्षा जास्त, हे कागदावर तरी विचित्रच दिसतं.

सहीला एवढं वजन का, ते हँगरमध्ये कळतं. प्रत्येक विमानाचं एक दप्तर असतं, त्याला सगळे एफ-७०० म्हणतात. बिघाड काय होता, काय केलं, कुणी केलं, कुणी तपासलं, हे सगळं त्यात सहीनिशी येतं. कंट्रोलच्या सांध्याला हात लागला असेल तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून वेगळी सही करायची. शेवटी पायलट तेच पान वाचतो आणि विमान ताब्यात घेतो. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. संध्याकाळी एक आकार रिकामा दिसला की तो पाना मिळेपर्यंत विमान उडत नाही. हरवलेला पाना लगेच कळवणारा पोरगा त्या दिवशी सगळ्यांना वैताग देतो, पण काम त्यानेच नीट केलेलं असतं.

नियम करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. लष्कराच्या नियमांत कोर्ट ऑफ एन्क्वायरीपुढे, म्हणजे खात्याच्या चौकशी मंडळापुढे, दिलेला जबाब त्याच माणसाविरुद्ध कोर्टमार्शलमध्ये, म्हणजे फौजेच्या कोर्टातल्या खटल्यात, पुरावा म्हणून वापरता येत नाही. ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो त्याला चौकशीभर हजर राहण्याची मुभा द्यावी लागते. खरं बोलायला जागा ठेवलेली आहे.

गोची पुढे होते. देखभालीतली चूक बहुधा कोर्टमार्शलपर्यंत जातच नाही. जवानाला कमांडिंग ऑफिसरपुढे उभं करतात (मार्च-अप) आणि काही मिनिटांत निकाल लागतो, यालाच समरी निकाल म्हणतात. २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन (फौजेच्याच कोठडीत), १४ दिवसांपर्यंतच्या पगाराचा दंड, सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) किंवा जादा ड्युटी. शिक्षा भोगून संपते, नोंद संपत नाही. जड शिक्षा लाल शाईने लिहितात, हलकी काळ्या शाईने. जवानाच्या वर्तणुकीच्या शीटवर दारू पिऊन केलेला दंगा, सुट्टीवरून उशिरा येणं आणि राहून गेलेली सही एकाच रांगेत बसतात. चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवण्याचा विचार सुरू होतो. हवाई दलाच्या सराईत गुन्हेगार धोरणात लाल-काळ्या मिळून सहा नोंदींचीही अट आहे. नटबोल्टशी प्रामाणिक राहिलेल्या माणसाला हा शब्द लागावा, हे कुणाही फिटरच्या बापाला पटणार नाही.

यावर खरा वाद झाला तो सर्वोच्च न्यायालयात, आणि वीसेक वर्षांत दोनदा. १९९६ मध्ये हवाई दलाच्या एका कॉर्पोरलच्या प्रकरणात न्यायालयाने धोरण उचलून धरलं. अशा प्रकारे काढणं ही शिक्षा नसून साधा डिस्चार्ज, म्हणजे नोकरीतून मोकळं करणं, आहे, असं त्यात ठरलं. युनिटांना मोकळं रान मिळालं, निदान जवानांना तसं वाटलं. २०१५ मध्ये लष्करातल्या एका तोफचीचं प्रकरण आलं. चार लाल नोंदी म्हणून त्याला काढलेलं. लष्कराच्याच डिसेंबर १९८८ च्या सूचनेत लिहिलं होतं की आधी प्राथमिक चौकशी करा, चार हा आकडा आपोआप चालणारा नाही, आणि पेन्शनजवळ आलेल्या माणसाची लांब नोकरी, कठीण ठिकाणच्या पोस्टिंग लक्षात घ्या. न्यायालयाने ती सूचना बंधनकारक धरली आणि डिस्चार्ज रद्द केला. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी चौथी लाल नोंद आली तर घरात काय होतं, हे सीमाभागात वेगळं सांगायला नको. दोन्ही निकाल कायद्याच्या पुस्तकात नांदतात. पहिला कुठे लावायचा आणि दुसरा कुठे, यावर अजून वकील भांडतात. नोंद कशाबद्दल पडली, चूक झाली म्हणून की बेशिस्त म्हणून, हा प्रश्न दोन्हींत मध्यवर्ती नव्हता. तंत्रज्ञाच्या दृष्टीने तोच तर खरा प्रश्न.

२०१६ मध्ये समरी कोर्टमार्शललाही लगाम बसला. हे कोर्ट फक्त लष्करात आहे, हवाई दलात नाही. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो आणि लेफ्टनंट कर्नल असेल तर वर्षभराची कैद देऊ शकतो. ते अपवाद म्हणूनच भरवा, तातडी काय होती ते लिहून ठेवा, असं न्यायालयाने बजावलं. वरच्या हुद्द्यांना झळ लागते ती वेगळ्या वाटेने: मार्च २०२२ मध्ये भारताचं क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानात जाऊन पडलं, तेव्हा ऑगस्टमध्ये तीन अधिकारी थेट बडतर्फ झाले.

त्याच वर्षी अग्निपथ आलं. सांबऱ्याच्या प्रशिक्षण शाळेत आता अग्निवीरवायू असतात. चार वर्षांची नोकरी, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के पुढे. कायदा तोच, कलमं तीच. पंधरा वर्षांच्या पेन्शनचा युक्तिवाद मात्र या चार वर्षांच्या पोरांना लागू होत नाही, आणि पुढे घेण्याच्या निवडीत एखादी लाल नोंद किती जड जाईल याचा धसका त्यांना पहिल्या वर्षापासून असतो.

दाद मागायला २००९ पासून सशस्त्र दलांचं वेगळं न्यायाधिकरण आहे. घरी आलेल्या माणसाला राहत्या गावाच्या हिशेबाने अर्ज करता येतो. म्हणजे बेळगाव तालुक्यातला कोचीच्या खंडपीठाकडे जातो आणि चंदगडचा मुंबईच्या, दोघे एकाच हँगरमधून परतले असले तरी. कायद्याने न्यायाधिकरणाकडे समरी निकालांतले मुख्यतः बडतर्फीचे सोपवलेत, त्यामुळे एकेका छोट्या नोंदीला वेळच्या वेळी आव्हान देणं अवघड जातं. हाती डिस्चार्जचा कागद पडल्यावरच चारही नोंदींची उलटतपासणी सुरू होते. आधी खात्यातली तक्रार संपवावी लागते, आणि तिच्या अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते.