चोर्ल्याच्या चढावर वॉटर पंप

गोव्याहून परतताना साखळी सोडली की चोर्ला घाटाचा चढ सुरू होतो आणि समुद्रसपाटीच्या जवळून निघालेली गाडी तासाभरात सुमारे आठशे मीटर उंचीवर येते. गेल्या उन्हाळ्यात हा चढ चढून मी कणकुंबीला थांबलो, तेव्हा माझ्या टर्बो हॅचबॅकच्या बॉनेटमधून तापलेल्या काकवीसारखा गोडसर वास येत होता. तापमानाचा काटा मात्र नेहमीसारखा बरोबर मधोमध, 90 अंशांवर होता. इंजिन निवल्यावर बॉनेट उघडून पाहिले, तर कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी टाकीवरच्या खालच्या रेघेच्याही बोटभर खाली गेलेली होती. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रीने बॅटरीच्या उजेडात पंपाखाली साचलेला गुलाबी पापुद्रा नखाने खरवडून दाखवला आणि म्हणाला, “वॉटर बॉडी गळाय लागलीय बघा. काट्यावर विसंबून राहिला असता तर हेड गेलं असतं.” वॉटर बॉडी म्हणजे इंजिनात कुलंट फिरवणारा वॉटर पंप आणि हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग.

काट्याबद्दलचे त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. आजच्या अनेक गाड्यांमध्ये कुलंट साधारण 75 ते 105 अंशांच्या दरम्यान कुठेही असले, तरी काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवला जातो, कारण तो सतत हलताना दिसला तर चालक विनाकारण घाबरतो. शिवाय काट्याला माहिती पुरवणारा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पातळी इतकी उतरली की तो हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा शांत राहू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, टाकीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी कुठे आहे हे पाहणे हीच माझ्या मते खरी तपासणी आहे.

पंपाच्या अंगावर काम किती पडते, याचा हिशेब सोपा आहे. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्यातला बहुतेक भाग कुलंटला वाहून न्यावा लागतो. चढावर एखादा ट्रक मागे टाकताना इंजिन 40 किलोवॅट शक्ती देत असेल, तर जवळपास तितकीच उष्णता कुलंटमध्ये उतरते. इंजिनात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या कुलंटच्या तापमानात 10 अंशांचा फरक धरला, तर ही उष्णता वाहून नेण्यासाठी मिनिटाला सुमारे 65 लिटर कुलंट फिरावे लागते. संपूर्ण गाडीत कुलंट असते सहा लिटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक थेंबाला मिनिटाला दहा-अकरा वेळा इंजिन आणि रेडिएटर यांच्यात येरझारा घालाव्या लागतात. हीच शक्ती चालू असताना पंप पूर्ण थांबला, तर इंजिनाचा धातू आणि कुलंट मिळून एक-दीड मिनिटातच तीस अंशांनी तापतात, आणि हेडमधल्या ज्वलनकक्षाजवळच्या अरुंद वाटांमध्ये तर त्याहून आधीच उकळी फुटते.

हा पंप म्हणजे आपल्या भागातल्या उसाच्या मळ्यातल्या मोटरपंपाचाच धाकटा भाऊ आहे. पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, मधोमध आलेले पाणी गरगर फिरवून कडेला फेकतो आणि त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढून पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली आणि जिथे आजही फाउंड्रीतले ओतकाम हजारो घरांचे पोट भरते, तिथल्या वाचकाला अशा पंपाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. फरक आहे तो जागेचा आणि तापमानाचा: गाडीतला पंप मुठीएवढा असतो, शंभर अंशांच्या आसपासच्या द्रवात फिरतो आणि त्याचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथून थेंबही गळू न देण्याची जबाबदारी एका लहानशा सीलवर असते.

या सीलची रचना मला फार विलक्षण वाटते. त्यात आरशासारख्या घासलेल्या दोन कड्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. एक सहसा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. एक स्थिर राहते, दुसरी दांड्याबरोबर फिरते आणि दोघींमध्ये कुलंटचा एखाद्या मायक्रॉनएवढा पातळ थर असतो. हा थरच कड्यांना वंगण पुरवतो आणि थंडही ठेवतो. त्यातला कणभर अंश सतत वाफ होऊन बाहेर पडतो, म्हणून सीलच्या पलीकडे, बेरिंगच्या अलीकडे एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्या छिद्राजवळ वाळलेला फिकट डाग दिसला तर ते नैसर्गिक आहे, पण ओल, थेंब किंवा जाडसर पापुद्रा दिसला तर कड्यांवर ओरखडे पडले आहेत असे समजावे. काही जण हे छिद्र एम-सील लावून बुजवतात, हे मात्र फार घातक आहे. मग गळलेले कुलंट थेट बेरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि केवळ गळणारा पंप काही दिवसांत अडकणारा पंप होतो.

कड्यांवर ओरखडे पाडण्यात बोअरच्या पाण्याचा वाटा मोठा असतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी बहुधा जड असते आणि त्यातले क्षार तापल्यावर विरघळून राहण्याऐवजी पांढऱ्या खड्यांच्या रूपाने धातूवर बसतात; आंघोळीच्या गिझरमध्ये दिसतो तोच हा प्रकार. ते कण कड्यांच्या मध्ये शिरतात आणि त्याच पाण्यातले क्लोराइड इंजिनातले अ‍ॅल्युमिनियम खाऊ लागते. पातळी कमी दिसली की नळाखाली बाटली भरून ओतायची, ही सवय म्हणूनच दुहेरी नुकसान करते: गळती लपते आणि सील आणखी घासते.

त्यात आपल्या उंचीचाही भाग आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास असल्यामुळे येथे साधे पाणी 97 अंशांच्या जरा पुढेच उकळते. सुस्थितीतल्या गाडीत कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण असते आणि टोपण कुकरच्या शिटीप्रमाणे दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळण्याचे तापमान 120 अंशांच्या पुढे जाते. गळणाऱ्या सीलमधून हा दाब निघून गेला आणि मिश्रणाच्या जागी नळाचे पाणीच उरले, तर इंजिनाच्या रोजच्या तापमानालाच उकळी फुटते. धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोला हे अधिकच बाधते, कारण त्याच्या टर्बाइनवर 900 अंशांच्या आसपासचा धूर आदळत असतो आणि त्याचे बेरिंग बहुधा याच कुलंटने थंड ठेवले जाते.

अडचण घाटातच उद्भवली तर आधी एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावून पाहावा. गरम वारा आला तर कुलंट अजून फिरते आहे आणि सावकाश जाऊन सुरक्षित जागी थांबता येते. काटा चढतो आहे आणि हीटरमधून गार वारा येतो आहे, तर एक तर पंपाचा इंपेलर दांड्याबरोबर फिरत नाही किंवा कुलंटच उरलेले नाही. अशा वेळी पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह टाळून तिथेच इंजिन बंद करावे. अ‍ॅल्युमिनियमचे 40 सेंटीमीटर लांब हेड 100 अंशांनी तापले तर सुमारे 0.9 मिलिमीटर वाढू पाहते, त्याखालचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असेल, तर तो त्याच्या निम्म्यानेच. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते आणि अनेक इंजिनांमध्ये तर 0.05 मिलिमीटरचा बाकही हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटला सोसत नाही. गरम टोपण उघडू नये आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नये, हे वेगळे सांगायला नको.

पंप बदलताना तो कशावर फिरतो हे मेस्त्रीला विचारावे. काही इंजिनांत त्याला वेगळा पट्टा असतो. काहींत तो व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टवर फिरतो आणि तिथे पंप अडकला तर पट्टा दात सोडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, म्हणून पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकत्रच बदलणे शहाणपणाचे. कुलंट रंग पाहून नव्हे, तर गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार पाहून घ्यावे.

माझ्या गाडीत नवा पंप बसल्यावर सर्वाधिक वेळ हवा काढण्यात गेला. फूटव्हॉल्व्ह गळून मळ्यातल्या पंपाने हवा धरली की तो नुसताच गरगरतो, पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला पाठ असते. गाडीतही वरच्या नळीत अडकलेला हवेचा गोळा तेच करतो. मेस्त्रीने हवा काढायचा स्क्रू सैल केला, हीटर गरमवर ठेवला, थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कुलंटला रेडिएटरची वाट देणारी झडप, उघडून खालची नळी हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले, आणि बुडबुडे थांबल्यावर स्क्रू कसून मला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावले. इंजिन रातभर निवल्यावर पातळी पेलाभर उतरली होती. तेवढे मिश्रण त्याने भरले आणि वरच्या रेघेशेजारी खडूने खूण केली.