व्हँकुव्हरला जाताय? बुकिंगच्या आधी हे जरूर वाचा

आमच्याकडे कॅनडाची चौकशी करायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्लॅन साधारण एकच असतो, व्हँकुव्हरला उतरायचं, एक दिवस सिटी टूर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून रॉकी पर्वतातलं बँफ नॅशनल पार्क. तर पहिलं हेच सांगतो की बँफ तिथून साधारण ८५० किलोमीटर आहे, रस्ता पूर्ण डोंगरातला, न थांबता गेलात तरी नऊ-दहा तास धरा. बरोबर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर ते करू नका. बँफ वेगळी ट्रिप म्हणून करा आणि व्हँकुव्हरला निदान चार दिवस द्या, कारण समुद्र, जंगल आणि बर्फाचे डोंगर हे सगळं शहराच्या सिटी बसने गाठता येतं असं ठिकाण फार कमी मिळतं.

एअरपोर्टवरून टॅक्सीची गरज नाही. २००९ पासून कॅनडा लाइन ही मेट्रो सुरू आहे, अर्ध्या तासाच्या आत डाउनटाउनला वॉटरफ्रंट स्टेशनला पोचवते. गेटवर क्रेडिट कार्ड टॅप केलं की झालं, फक्त एअरपोर्टहून निघताना नेहमीच्या तिकिटावर ५ डॉलर जास्त लागतात, परत जाताना ते लागत नाहीत. हॉटेल निवडताना आम्ही मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असंच बघतो, भले रूम थोडी लहान का असेना.

आता स्टॅन्ली पार्क. नावावरून बाग वाटेल पण हे ४०० हेक्टरचं जंगल आहे, १८८८ ला लोकांसाठी खुलं झालं आणि डाउनटाउनला अगदी चिकटून आहे. कडेने समुद्राला लागून जवळपास ९-१० किलोमीटरचा सीवॉल, म्हणजे चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे, चालायला तीनेक तास, सायकल भाड्याने घेतली तर आरामात तासा-दीड तासात होतो (सायकलला एकाच दिशेने जायचं, घड्याळाच्या उलट). ब्रॉक्टन पॉइंटला तिथल्या मूळ रहिवाशांचे टोटेम पोल, म्हणजे कोरीव लाकडी खांब आहेत, ते बघताना फक्त फोटो काढून पुढे पळू नका. येताना कोल हार्बरला कोमागाता मारूचं स्मारक लागतं. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, या जहाजातून इथे आले आणि मोजके काही जण सोडले तर कोणालाच उतरू दिलं नाही, दोन महिने जहाज समोर पाण्यात उभं होतं आणि शेवटी परत पाठवलं. आज आपण व्हिसा घेऊन त्याच किनाऱ्यावर फिरतो, तेव्हा पाच मिनिटं तरी तिथे थांबावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

डोंगरांसाठी वॉटरफ्रंटहून सीबस घ्या, ही बोट १२ मिनिटांत पलीकडे ‘लॉन्सडेल की’ (Quay) नावाच्या धक्क्याला सोडते, मेट्रोचं ९० मिनिटांचं तिकीट इथेही चालतं. तिथून २३६ नंबरची बस कॅपिलानोच्या झुलत्या पुलाजवळून ग्राउस माउंटनला जाते. कॅपिलानोचा पूल १३७ मीटर लांब आणि नदीपासून ७० मीटर उंच, पण तिकीट बरंच महाग आहे. बजेट सांभाळायचं असेल तर लिन कॅनियनचा पूल बघा, लहान आहे पण तोही ५० मीटर उंच आणि पूर्ण फुकट, आम्हाला तर तिथलं जंगल जास्त आवडतं. फक्त खालच्या पाण्यात उड्या मारू नका, पाणी बर्फासारखं गार असतं आणि तिथे माणसं जिवानिशी गेलेली आहेत.

एक पूर्ण दिवस सी टू स्काय हायवेसाठी ठेवा. व्हिसलर या डोंगरातल्या स्कीइंगच्या गावापर्यंत साधारण १२० किलोमीटर, एका बाजूला हाउ साउंड या खाडीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कडे. वाटेत ३३५ मीटरचा शॅनन फॉल्स आहे, पार्किंगपासून थोडंसंच चालावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. स्वतः गाडी चालवणार असाल तर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या रस्त्यावर विंटर टायर (बर्फावर पकड घेणारे) सक्तीचे आहेत, भाड्याची गाडी घेताना तसं विचारूनच घ्या.

पावसाचं गणित आपल्या उलट आहे. जुलै-ऑगस्ट कोरडे, आणि खरा पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी. कारण मात्र आपल्या ओळखीचं, कोकणातून आलेले ढग घाटाला अडून कोसळतात ना तसेच पॅसिफिकवरचे ढग नॉर्थ शोरच्या, म्हणजे सीबसच्या पलीकडच्या डोंगरांना अडतात, त्यामुळे डाउनटाउनला रिमझिम असते तेव्हा पलीकडे धो धो चालू असतो. म्हणून जूनमध्ये जाताना पण टोपीवालं रेन जॅकेट घ्या. जूनमध्ये उजेड रात्री नऊनंतरही असतो, जेवायची वेळ चुकते, मुलांसाठी बॅगेत काहीतरी खायला ठेवा. पण ट्रेलवर खाण्याचं काही टाकू नका, गाडीतही उघडं ठेवू नका, तिथे काळी अस्वलं खरोखर फिरतात आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की शेवटी जीव अस्वलाचाच जातो.

घरून चिवडा, लाडू नेताय तर कस्टम्सला सगळं डिक्लेअर करा, लपवू नका. दुकानातल्या किमतीवर टॅक्स वेगळा लागतो, बऱ्याच वस्तूंवर १२ टक्के, आणि हॉटेलात बसून जेवलात तर १५ ते २० टक्के टिप धरून चाला.

बुकिंगला येताना बरोबर कोण कोण आहे, कोणाला किती चालवतं आणि कोणाला उंचीची भीती वाटते एवढं आधी सांगा, कोणता पूल घ्यायचा आणि कोणता सोडायचा ते त्यावरच ठरवू.